दोन्ही पाय शिवरामचे

कामाला बसलं की मांडीखाली कातरण साठते. रोज झाडा, रोज साठते. फेकायला जावं तर हात थांबतो, कारण एवढासा तुकडासुद्धा कधी कुठल्या टाचेला लागेल सांगता येत नाही. माझ्याकडे किस्से तसेच साठलेत. उल्हासनगरात एकाच दुकानात, एकाच जागेवर बसून जन्मभर बूट शिवले. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन बघणाऱ्यांनी इथेच थांबावं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. मागाहून कोणी विचारायला येऊ नये.

एकच गोष्ट आहे. ह्या सगळ्या ढिगाच्या तळाशी एक शब्द पडलाय. मी एका माणसाला दिलेला. तो पाळला की मोडला, ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

दुकानात आम्ही तिघं. गल्ल्यावर लछूशेठ, सिंधी माणूस, आवाज मोठा आणि काळीज लहान. मी बॉटमचा कारागीर, म्हणजे सोल आणि टाच माझी. आणि शिवराम अप्परमन. कातडं कापायचं, वरचा भाग शिवायचा तो त्याने. शिवराम मूळचा वांगणीचा, पण लग्न झाल्यापासून अंबरनाथला बुवापाड्यात राहायचा.

एकदा भर दुपारी एक बाई आली. पिशवीत नवऱ्याचे काळे बूट, टाचा पार झिजलेल्या. म्हणाली, सोल नवा घाला, टाचा बदला, आत्ताच पाहिजेत, मी थांबते. शेठनी पेन काढलं. शिवरामने सवयीने बुटात हात घातला. आणि तसाच ठेवला.

शिवरामचं ते एक होतं. बुटात हात घालून माणूस सांगायचा. हा कडेने चालतो, ह्याला कुरूप आहे, ह्याची उभ्याची नोकरी आहे. पण त्या दिवशी तसलं काही बोलला नाही. हात काढला आणि हळू विचारलं, "ताई, कधी गेले?"

"पहाटे," बाई म्हणाली. "मुलगा वाटेत आहे. तो यायच्या आत पाहिजेत."

शेठचं पेन थांबलं. माझं तोंड असं, येईल ते बोलतं. मी म्हटलं, मग आता सोल कशाला बदलता?

बाईला राग आला नाही. पत्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं तिने सांगितलं, "एवढं लांब जायचंय त्यांना. ह्या टाचांवर कसे जातील?"

शिवरामने डबल शिलाई मारली. मी सोल लावला, आणि इतका पक्का सोल आयुष्यात दुसरा लावला नाही. पावती झालीच नाही. बाई गेल्यावर मी विचारलं, तुला कळलं कसं? म्हणाला, "बूट महिनाभर पडून असला तरी आत थोडी ऊब असते रे. ह्यात नव्हती."

* * *

ज्यांनी जन्मभर डब्यातला बूट उचलून घेतला त्यांना फर्मा माहीत नसणार. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. गिऱ्हाइकाचं माप घेऊन त्याच्या पायासारखा तासायचा, त्यावर कातडं ओढून बूट शिवायचा. पुढे त्या माणसाचा पाय बदलला, सूज आली, चवडा पसरला, तर फर्म्यावर नेमक्या त्याच जागी कातड्याचं ठिगळ ठोकायचं. म्हणजे माणूस म्हातारा होतो तसा फर्माही म्हातारा होतो. आमच्या फळीवर असे चाळीसेक जोड होते. तळव्यावर नाव, बोटं दुकानाकडे.

गिऱ्हाईक वारलं की त्याचा जोड फिरवायचा. बोटं भिंतीकडे, टाचा बाहेर. तेराव्याला जाळायचा. त्यावर पुन्हा कोणाचाही बूट शिवायचा नाही. आमच्या उस्तादाने घालून दिलेली ही पद्धत. कारण विचारलं तर उस्ताद रापीच्या, म्हणजे कातडं कापायच्या सुरीच्या, मुठीने डोक्यात मारायचा, म्हणून कारण कोणालाच माहीत नव्हतं.

एका सकाळी शेठनी शटर उघडलं तर एका वकिलाचा जोड भिंतीकडे तोंड करून. शेठ आमच्यावर ओरडले, कोण मेलं आणि मला सांगितलं नाही? आम्ही तर फळीला हातही लावला नव्हता. दुपारी फोन आला. वकीलसाहेब सकाळी अंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत.

मी म्हटलं, उंदीर. आमच्याकडे मांजराएवढे उंदीर होते. शेठचं मात्र तेव्हापासून असं झालं की दुकानात पाऊल टाकलं की आधी फळीवर स्वतःचा फर्मा बघायचे आणि मग देवाला हात जोडायचे.

आता माझी अक्कल बघा. एके दिवशी मी मस्करीत शेठचा जोड फिरवून ठेवला. शेठ आले, बघितलं, आणि तिथेच खाली बसले. पाणी पाजलं, गंमत होती म्हणून सांगितलं, पाया पडलो, काही उपयोग नाही. आठ दिवस दुकान बंद. दोन्ही मुलांना बोलावून वाटणी करून टाकली.

त्यानंतर शेठ अकरा वर्षं जगले. त्यातली तीन माझ्याशी बोलले नाहीत. आणि खरंच गेले त्या दिवशी त्यांचा फर्मा जागचा हललासुद्धा नव्हता. आम्हालाच हाताने फिरवावा लागला.

म्हणून म्हणतो, उंदीर.

* * *

आमच्या धंद्यात स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. ज्याला खोटं वाटतं त्याने करून बघावं. उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार टाकायचा आणि स्वतःच फीत लावायची. वाकलात की भार पुढे येतो, चवडा पसरतो, माप चुकलं. त्यासाठी दुसरा माणूस लागतोच. म्हणून शिवरामचा फर्मा मी केला आणि माझा शिवरामने.

शिवरामचा डावा पाय लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली आला होता. हाड वाकडंच जुळलं. त्याचा डावा फर्मा म्हणजे माझी पंचवीस-तीस वर्षांची मेहनत. घोट्याखाली तासला, कमानीत तीन ठिगळं चढवली, टाच एका बाजूने उचलली. त्यावर शिवलेला बूट घातला की शिवराम बऱ्यापैकी सरळ चालायचा. आवाज मात्र लपायचा नाही. आधी ठक, मग घासल्यासारखं. त्याची बायको, आमच्या सुलोचनावहिनी, घरात बसून नुसत्या त्या आवाजावरून ओळखायच्या, की आज पाय किती दुखतोय. त्याप्रमाणे तेल गरम करायच्या.

एकदा मी त्या फर्म्यावर चौथं ठिगळ ठोकत होतो. शिवराम समोर बसून बघत होता. एकदम म्हणाला, "मी गेलो की हा तेराव्याला जाळ."

मी म्हटलं, पद्धतच आहे, सांगायला काय पाहिजे?

"पद्धत म्हणून नको. माझ्यासाठी जाळ. हा पाय मी जन्मभर ओढला नाना. माझ्या मागे कोणी ओढायला नको."

मी म्हटलं, जाळीन. खिळे तोंडात धरलेले होते, त्यामुळे शब्द नीट उमटला नाही. पण दिला.

* * *

दोन वर्षांपूर्वी शिवराम गेला. झोपेत. मी फर्मा फिरवला. तेरावा झाला. मी काडेपेटी घेऊन दुकानात गेलो आणि तशीच खिशात घालून परत आलो.

का, ते विचारू नका. दुकानात मी एकटा होतो. समोरच्या बैठकीवर कोणी नव्हतं. फळीवर निदान त्याच्या टाचा दिसत होत्या.

* * *

त्यानंतर शेठच्या मुलांनी दुकान मोबाईल कव्हरवाल्याला दिलं. फर्म्यांचं काय करू विचारलं तर म्हणाले, नाना, सरपण करा. मी सगळे फर्मे तीन गोण्यांत भरले आणि बदलापूरला मुलाच्या घरी न्यायला रिक्षा केली.

अंबरनाथच्या पुढे नाकाबंदी. हवालदाराने गोणीवर काठी मारली. आत काय? मी म्हटलं, पाय. मला दुसरा शब्द सुचला नाही. त्याने गोणीत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. मग बॅटरी मारून बघितलं. नावं वाचली. एक वाचलं, दुसरं वाचलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि बाकीची माणसं कुठायत?"

मी म्हटलं, एक वर गेला, बाकीची मॉलमध्ये.

सोडलं त्याने. घरी गोण्या उतरवून झाल्यावर रिक्षावाला म्हणाला, काका, एक सांगू का? गाडी चढाला अशी दमत होती, जशी मागे तिघं दाटून बसलेत. मी म्हटलं, शिसवीचं लाकूड आहे बाबा, जड असतं. तो मागच्या सीटकडे न बघता निघून गेला.

गोण्या माळ्यावर टाकल्या. शिवरामचा जोड तेवढा वेगळा काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

* * *

माझा मुलगा सुरेश अंबरनाथच्या एमआयडीसीत बुटांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आमचं दोघांचं पटत नाही. मी म्हणतो तुम्ही बूट करत नाही, बूट छापता. तो म्हणतो, बाबा, तुम्ही आठवड्यात एक जोड करता, तेवढ्यात आख्खं बदलापूर अनवाणी फिरेल. दोघांचंही खरं आहे, म्हणून भांडण मिटत नाही.

मागच्या वर्षी एक दिवस घरी पेढे घेऊन आला. नवीन बूट काढलाय म्हणाला, जोरात चाललाय, पाय दुखत नाही म्हणतात लोक. तुम्ही एकदा कारखाना बघाच.

गेलो. आत वास कातड्याचा नाही, सोल्युशनचा आणि तापलेल्या रबराचा. डोकं धरलं. वर साखळी फिरत होती आणि साखळीला उलटे टांगलेले प्लास्टिकचे फर्मे. हिरवे. एकामागोमाग एक येतायत, पुढे मशीन त्यांच्यावर कातडं ओढतंय, खालून सोल चिकटतोय. कारखान्याचा साहेब बरोबर होता. मी विचारलं, हा कोणाचा पाय? तो हसला. "किसीका नहीं अंकल. एट नंबर है."

कोणाचाच नाही. जन्मात कोणाचाच नसलेला पाय मी हातात धरला नव्हता. म्हणून एक फर्मा साखळीवरून काढून हातात घेतला. अंगठा सवयीने कमानीत गेला.

कमानीत चार उंचवटे होते.

घोट्याखाली तासलेलं होतं. टाच एका बाजूने उचललेली. मी दुसरा काढला, तिसरा काढला. सगळ्यांना चार उंचवटे. डोळे मिटून सांगेन, पहिला कुठल्या साली ठोकला आणि चौथ्याच्या वेळी तोंडात किती खिळे होते.

मी सुरेशला बाजूला घेतलं. म्हणाला, साहेबाला हाताने केलेला एखादा नमुना पाहिजे होता. तुम्ही घरी नव्हतात. माळ्यावर सगळ्यात बारीक काम ज्यावर केलेलं दिसलं तो घेतला.

"एकच?"

"एकच लागतो बाबा. डावा स्कॅन केला. उजवा कॉम्प्युटर आरशासारखा उलटा करून काढतो."

म्हणजे दोन्ही पाय शिवरामचे. दोन्ही डावे.

पोराने ठिगळं बघितली आणि त्याला वाटलं ही कारागिरी आहे. तो भिंतीकडे तोंड करून का ठेवलाय, एवढंही त्याने विचारलं नाही. मी त्याला कधी धंदा शिकवला नाही, तर विचारणार कसा? माझ्या कारागिरीचा अभिमान नाही वाटला मला. ते दुखणं होतं. मी तीस वर्षं एका माणसाचं दुखणं लाकडात उतरवत बसलो होतो, आणि आता ते साखळीला टांगून फिरत होतं.

आमच्या हातून चूक झाली तर एका माणसाचा पाय सोलायचा. तो येऊन शिव्या द्यायचा, आम्ही नीट करून द्यायचो. मशीनची चूक सगळ्यांना बरोबर बसते.

* * *

मग बुवापाड्यात वहिनींकडे जावंच लागलं. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, पण कबूल करणं भाग होतं. दारातच सांगून टाकलं, फर्मा जाळला नाही, चूक झाली, आणि पुढचंही सगळं.

वहिनी ऐकून घेत होत्या. रडतील वाटलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते असं आहे होय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पाच-सहा महिने झाले, दिवसातून एखादा माणूस त्यांच्या दारात थांबतो. कधी सामान पोचवणारा पोरगा, कधी कोणी मास्तर, एकदा तर सुटाबुटातला बँकेचा माणूस. ओळखीचा कोणी नाही. गल्ली पुढे बंद आहे, तिथून कोणी कुठे जात नाही. येतात, ओट्यावर बसतात, डावा पाय चोळतात. काय पाहिजे विचारलं तर गोंधळतात. म्हणतात, चुकून आलो वाटतं. वहिनी पाणी देतात. पाणी पिऊन जातात.

मी विचारलं, भीती नाही वाटत?

"पहिल्यांदा वाटली. दार लावून घेतलं होतं. मग लक्ष दिलं तर पाऊल ओळखीचं." वहिनींनी पदराने ओटा पुसला, तिथे धूळ नव्हती तरी. "भावजी, चेहरा त्यांचा नाही, बोलणं त्यांचं नाही. पण पाऊल त्यांचं आहे. ते गेल्यापासून घरात कसला आवाज नव्हता. ते जाळू नका."

मी म्हटलं, वहिनी, मी त्याला शब्द दिलाय.

"त्यांना दिलात. मला विचारलं होतंत का कोणी?"

मी चहा न पिता निघालो. गल्लीच्या तोंडाशी एक पोरगा मोबाईलवर बोलत आत येत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. नुसतं ऐकलं. ठक, मग घासल्यासारखं.

* * *

जाळला. सांगून टाकतो. वहिनींचं ऐकायचं होतं, पण शिवराम आधी बोलला होता.

कारखान्यात डावा काचेच्या कपाटात शोभेला ठेवला होता. सुरेशने साहेबाच्या हातापाया पडून आणला. माळ्यावरचा उजवा घेतला. भल्या सकाळी उल्हास नदीच्या काठी दोन्ही रचले, काडी लावली. लाकूड लगेच पेटलं. ठिगळं मात्र पेट घेईनात. आधी वळली, मग पायाची बोटं आखडावीत तशी आखडली. शेवटी राखेत खिळे राहिले. ते मी मोजले नाहीत. डबीत भरले.

घरी आलो तर सुरेश कामावर निघत होता. मी म्हटलं, आता तुझ्या कॉम्प्युटरातलंही जाळून टाक. तो म्हणाला, बाबा, ती फाइल तीन ठिकाणी असते. एक पुसली तर बाकीच्या दोन तिला पुन्हा तयार करतात. शिवाय साहेबाने ती बाहेरच्या दोन कारखान्यांनाही पाठवलीय.

"मग काडी कुठे लावायची?"

त्याने जेवणाचा डबा उचलला. आमच्या भांडणात पहिल्यांदा तो गप्प राहिला, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

* * *

आता परवाचं.

माझ्या पायात शिवरामने शिवलेला शेवटचा जोड होता. सोल मी चारदा बदलला, पण वरचं कातडं वळणावर फाटलं. अप्परचं काम, माझ्या हाताबाहेरचं. शिवाय ह्या दोन वर्षांत माझा पाय सुकलाय. जुन्या फर्म्यावर नवं माप घेतल्याशिवाय काही होणार नव्हतं, आणि माप घ्यायला माणूस कुठे आहे? करून बघितलं. उभा राहिलो, फीत लावली, वाकलो. चुकलं. पुन्हा वाकलो, पुन्हा चुकलं. सुरेश म्हणाला, मोबाईलने फोटो काढून माप घेतो. मी म्हटलं, तू माझा पाय त्या डबड्यात घालायचा नाहीस. तिथून मग तो कोणाकोणाच्या घरी जाईल देव जाणे.

उल्हासनगरात एक जुना कारागीर अजून बसतो म्हणून कळलं होतं. त्याच्याकडे माप द्यायला निघालो. पण जाणार काय घालून? कपाटावर सुरेशने दिलेला डबा होता, वर्षभर न उघडलेला. त्यांच्या कारखान्याचा, आठ नंबर. मी ठरवलं होतं मेलो तरी घालणार नाही. पण अनवाणी जायला मी काही वारलेलो नव्हतो. घातले.

खोटं कशाला बोलू, बरे वाटले. पायाला कुठे लागलं नाही. उलट कोणीतरी तळव्याखाली हात धरावा तसं वाटलं. बदलापूरहून अंबरनाथपर्यंत शेअर रिक्षा केली. तिथून उल्हासनगरची दुसरी पकडायची. स्टँड समोरच होता. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन. मी स्टँडकडे चालू लागलो.

मागून कोणीतरी येत होतं. ठक, मग घासल्यासारखं. मी म्हटलं, असेल कोणी, अर्धं गाव हेच बूट घालतंय. थोडं पुढे जाऊन वळून बघितलं. रस्ता मोकळा. पुन्हा चालू लागलो, पुन्हा आवाज. मी थांबलो, तो थांबला. असं दोन-चारदा झालं. आवाजाच्या नादात मी बघितलंच नाही कुठे वळतोय. डावा पाय घोट्यात ठणकायला लागला होता. माझा डावा पाय जन्मात कधी दुखला नाही.

मान वर केली तेव्हा मी बुवापाड्यात होतो. वहिनींच्या गल्लीत, त्यांच्या दारात. दार नुसतं लोटलेलं. मी नदीवरून आल्यापासून ह्या दाराकडे फिरकलो नव्हतो. त्यांना सांगायचं होतं की जाळला, आणि सांगायची ताकद नव्हती. परत फिरावं म्हणून मी एक पाऊल मागे टाकलं.

ठक. मग घासल्यासारखं.

आतून स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. मग वहिनींचा. माझ्याशी त्या कधी ह्या आवाजात बोलल्या नव्हत्या.

"अहो, आज जास्त दुखतोय का? बसा ओट्यावर. तेल गरम करते."

मी ओट्यावर बसलो. बुटाची नाडी सोडली.

"दुखतोय," मी म्हणालो.